आलं ते लिही

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना दोन-चार आकडे नीट करून घेतले आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



बुंदी, वांग्याची भाजी आणि वरण-भात झाल्यावर भाषण करायला उभं राहणं ही शिक्षाच आहे. माझ्या आधी एकाने सोयाबीनच्या भावाचा विषय काढून सगळ्यांना जागं ठेवलं. माझा विषय आहे अणुभट्टीतलं लोखंड. तेव्हा ज्यांना डुलकी घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी. नववीत मी पण शेवटच्या बाकावर घेतलेली आहे, आणि सरांना ते माहीत आहे.

संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपण काय काम करतो ते बोलायचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण पदवी धातुशास्त्राची. आमच्या वर्गातल्या बहुतेकांसारखी मीही पदवी हातात पडताच सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि पंधराएक वर्षं बँकांच्या हिशेबाच्या प्रणाली लिहिल्या. आता काही वर्षांपासून फिरून धातूंकडे आलेय. धातूच्या आत अणू कसे हलतात याचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर आमचा गट लिहितो. त्यात एक मोठा भाग किरणोत्सर्गाने धातूला होणाऱ्या इजेचा आहे.

हे मी आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर सांगितलं तेव्हा एकाने विचारलं होतं, "तारापूरची भट्टी आपल्यापेक्षा म्हातारी झाली, ती फुटणार तर नाही ना?" मी अंगठा दाखवून वेळ मारून नेली. आज ते उत्तर देते. मी अणुऊर्जा खात्यात नाही, भट्टीच्या आत कधी गेलेली नाही. सांगतेय ते सगळं जाहीर झालेलं, छापून आलेलं आहे. आणि उत्तराच्या शेवटी मला सरांना एक गोष्ट सांगायची आहे. ती वीस वर्षांपेक्षा जास्त काळ राहून गेली आहे.

सुरुवात आपल्या लोहारापासून करू. बाजाराच्या दिवशी आपण भात्याजवळ उभे राहायचो, आठवतंय? फाळ तापवून लाल करायचा, ठोकून टोक काढायचं आणि मग चर्रकन पाण्यात बुडवायचा. याला फाळ पाजणं म्हणतात. पाण्यात जाण्याआधीचं आणि नंतरचं लोखंड एकच, वजन तेवढंच. पण पाजलेला फाळ कडक होतो, आणि जास्त पाजला तर दगडाला लागून तुकडा उडतो. लोहाराला हे हाताला कळायचं. का होतं ते मला कॉलेजात कळलं. धातू कशाचा आहे एवढ्यावर त्याचा स्वभाव ठरत नाही. आतले अणू कसे मांडलेले आहेत यावर तो ठरतो. या आतल्या मांडणीला सूक्ष्मरचना म्हणतात. लोहार ती विस्तवाने बदलतो. अणुभट्टीत ती विस्तवाशिवायच बदलते.

आपली सकाळची प्रार्थना डोळ्यांसमोर आणा. एक हात अंतर, सरळ रांगा, प्रत्येकाची जागा ठरलेली. लोखंडात अणू असेच उभे असतात. फक्त आपल्यासारखे ढकलाढकली करत नाहीत. आता समजा, त्या रांगांत कुठूनतरी एक बैल उधळत शिरला. एक पोरगं उडालं, ते दुसऱ्यावर पडलं, दुसरं तिसऱ्यावर. क्षणात मैदानाच्या एका कोपऱ्यात गोंधळ.

तो बैल म्हणजे न्यूट्रॉन. युरेनियमचा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून ते धातूत खोलवर शिरतात. अशा न्यूट्रॉनची ऊर्जा सरासरी वीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. लोखंडाचा एक अणू जागेवरून हुसकायला साधारण चाळीस पुरतात. न्यूट्रॉन हलका आणि लोखंडाचा अणू त्याच्या छप्पनपट जड, त्यामुळे एका धडकेत जास्तीत जास्त सात टक्के ऊर्जा त्याला मिळते. पण वीस लाखाचे सात टक्के म्हणजे एक लाख चाळीस हजार. एवढ्यावर तो पहिला अणू पुढच्या शेकडो अणूंना हुसकावतो.

आणि मग जे होतं त्याचं मला आजही नवल वाटतं. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात बहुतेक सगळे अणू पुन्हा रांगेत उभे राहतात. आपल्याच जागेवर येतील असं नाही, पण जी जागा रिकामी दिसेल तिथे बसतात. लांबून पाहिलं तर रांगा पुन्हा सरळ. उरतात ते थोडे: काही जागा रिकाम्याच राहतात आणि काही अणू दोन रांगांच्या मधे अडकून बसतात. सगळं नुकसान या उरलेल्यांचं असतं. रिकाम्या जागा धातूतून सरकत सरकत एकमेकींना भेटतात आणि त्यांची पोकळी होते. १९६७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डूनरे इथल्या भट्टीतून काढलेल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशा पोकळ्या पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. मधे अडकलेले अणू गोळा होऊन त्यांच्या चकत्या होतात. पोलादात अशुद्धी म्हणून राहिलेलं थोडंसं तांबं असलं, तर तेही रिकाम्या जागांच्या आधाराने सरकून बारीक बारीक गाठी करतं.

या इजेचं मोजमापही गमतीचं आहे. सरासरी प्रत्येक अणू किती वेळा हुसकला गेला, ते मोजतात. काही भट्ट्यांत इंधनावरच्या नळीचा प्रत्येक अणू तिच्या आयुष्यात शंभरेक वेळा जागचा हललेला असतो. तरी नळी नळीच असते.

आता याने होतं काय? गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची बादली आपल्या सगळ्यांच्या घरी होती. परभणीचे दोन उन्हाळे खाल्ले की रंग थोडा उडतो, बाकी बादली तशीच दिसते. एक दिवस भरून उचलायला जावं, तर कड हातात येते आणि पाणी पायावर. तिथे कारण वेगळं आहे, पण धातूचं दुखणं तसंच दिसतं. पोलाद आतल्या गाठींमुळे कडक होतं आणि त्याचा चिवटपणा जातो. चिवट पोलाद तुटण्याआधी वाकतं, ताणतं, म्हणजे आपल्याला आधी सांगतं. ठिसूळ पोलाद सांगत नाही.

साध्या पोलादाला एक तापमान असं असतं की त्याच्या खाली ते ठिसूळ वागतं आणि वर चिवट. नवीन पोलादात हे तापमान बरंच खाली असतं, तिथपर्यंत भट्टी कधी जातच नाही. न्यूट्रॉनचा मारा जसा वाढतो तसं हे तापमान वर चढत येतं. माझ्या विषयाची सगळी काळजी या एका वर चढणाऱ्या आकड्यात आहे.

तो आकडा शोधायची युक्ती १९०१ ची आहे. जॉर्ज शार्पी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची. पोलादाचा एक तुकडा घ्यायचा, आपल्या करंगळीएवढा: १० मिलिमीटर जाड, तेवढाच रुंद, ५५ मिलिमीटर लांब. मधोमध दोन मिलिमीटरची खाच पाडायची आणि वरून एक जड हातोडा झोका देऊन त्यावर सोडायचा. हातोडा तुकडा तोडून पलीकडे वर जातो. जेवढा कमी वर गेला तेवढी ऊर्जा तुकड्याने खाल्ली, म्हणजे तुकडा तेवढा चिवट. वेगवेगळ्या तापमानाला असे तुकडे तोडायचे आणि आलेख काढायचा. तुमच्या लक्षात आलं असेल, हा दोलकच आहे. दोलकाकडे मी परत येणार आहे.

आता तारापूर. आपण सहलीला येलदरीला गेलो होतो तेव्हा पूर्णेच्या पाण्यावर फिरणारी तीन जनित्रं पाहिली, मिळून साडेबावीस मेगावॅट. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या, पुढे १६० वर आणल्या. तिथेही चाकं पाण्यानेच फिरतात, फक्त त्या पाण्याची आधी वाफ होते. ही वाफ भट्टीच्या पोलादी पात्रातच तयार होते, सुमारे सत्तर वातावरणांच्या दाबाखाली. पंप बदलता येतो, पाइप बदलता येतो. हे पात्र बदलता येत नाही. त्याचा चिवटपणा संपला की भट्टी संपली.

मग पात्र न तोडता त्याचा चिवटपणा कसा कळणार? ज्यांनी हे पात्र घडवलं त्यांनी त्याच पोलादाचे शार्पीचे तुकडे करून भट्टीच्या आत ठेवले. पात्रावर मारा, तर तुकड्यांवरही मारा. ठरावीक वर्षांनी त्यातले काही तुकडे बाहेर काढायचे आणि तोडून पाहायचे. तुकडे इतके किरणोत्सारी झालेले असतात की त्यांना हात लावता येत नाही. तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, जाड भिंतींच्या खोल्यांत यांत्रिक हातांनी हे काम होतं. माणूस शिशाच्या जाड काचेतून पाहतो, आत यांत्रिक हात तुकडा उचलून हातोड्याखाली ठेवतो.

मी या तुकड्यांना साक्षीदार म्हणते. १९६९ साली ज्यांनी ते आत ठेवले, त्यांना माहीत होतं की शेवटचे तुकडे तोडेपर्यंत आपण नोकरीत नसू. आपल्या जागी जो कुणी येईल त्याला खरं कळावं म्हणून त्यांनी ते ठेवले.

पोलादाची निवड चुकली तर काय होतं, हेही आपल्याच देशात दिसलं आहे. राजस्थानात चंबळच्या काठी रावतभाट्याची पहिली भट्टी १९७३ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांना पाणी भरलेल्या जाड ढाली आहेत, आतला किरणोत्सर्ग अडवायला. त्या साडेतीन टक्के निकेल असलेल्या पोलादाच्या होत्या. ते पोलाद थंडीत चिवट राहतं म्हणून नावाजलेलं, पण न्यूट्रॉनच्या माऱ्याने ठिसूळ झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एका ढालीला चिरा गेल्या आणि पाणी गळू लागलं. दुरुस्तीत भट्टीचा बराच काळ गेला. पुढच्या भट्ट्यांत त्या जागी स्टेनलेस स्टील आलं.

दुसरं उदाहरण वेगळ्या धातूचं, झिर्कोनियमचं. हा धातू न्यूट्रॉन फार खात नाही म्हणून जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधन याच्या नळ्यांत ठेवतात. आपल्या २२० मेगावॅटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या आडव्या असतात, आणि तारापूरच्या नव्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांत प्रत्येकी ३९२. २२० मेगावॅटच्या भट्टीतली नळी सव्वातीन इंच व्यासाची, भिंत तीन-चार मिलिमीटरची, आत उकळीपेक्षा कितीतरी गरम पाणी मोठ्या दाबाखाली. झिर्कोनियमचे स्फटिक षट्कोनी असतात. हुसकलेले अणू त्यात काही ठरावीक थरांतच गोळा होतात. त्यामुळे नळी ओढल्याशिवाय लांब होते, वर्षाला काही मिलिमीटर. ती फुगते आणि मधे झोळीसारखी लोंबते.

प्रत्येक नळीभोवती दुसरी थंड नळी असते आणि दोघी एकमेकींना टेकू नयेत म्हणून मधे स्प्रिंगच्या बांगड्या घातलेल्या असतात. कॅनडात पिकरिंगच्या दुसऱ्या भट्टीत या बांगड्या जागच्या सरकल्या. आतली नळी लोंबून बाहेरच्या थंड नळीला टेकली. धातूत शिरलेला हायड्रोजन थंड जागेकडे ओढला जातो. तो तिथे गोळा झाला, ठिसूळ फोड झाले, आणि १ ऑगस्ट १९८३ ला नळी सुमारे दोन मीटर उभी चिरली. भट्टी सुरक्षित बंद झाली, कुणाला इजा झाली नाही. पण त्यानंतर अशा भट्ट्या असलेल्या प्रत्येक देशाने आपल्या नळ्या तपासायला घेतल्या. आपल्याकडे रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीच्या सगळ्या ३०६ नळ्या १९९० च्या दशकात बदलल्या. नव्या नळ्या अडीच टक्के नायोबियम असलेल्या झिर्कोनियमच्या, हैदराबादला न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये केलेल्या. पुढे मद्रासच्या भट्ट्यांतही हेच केलं गेलं.

बांगडी सरकली आणि नळी लांबली. हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला आपल्या शाळेची प्रयोगशाळा आठवली.

नववीत दोलकाचा प्रयोग होता. शाळेत स्टॉपवॉच एकच, ते फिरत फिरत आमच्या टेबलावर यायचं. दोरा १०० सेंटिमीटर, वीस झोके मोजायचे, वेळ लिहायची आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढायचा. तो ९.८ यायला हवा हे सगळ्या वर्गाला पाठ होतं. आमचे वीस झोके ४१ सेकंदांत झाले. गणित केलं तर ९.४ आलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि वरच्या वर्गातल्या ताईच्या जुन्या वहीतून ४०.१ हा आकडा उतरवला. ९.८ आलं. सुबक तक्ता, खाली दोन रेघा.

सर मागून आले. "काय लिहायलीस गं?" मी वही दाखवली. सरांनी काही न बोलता स्टॉपवॉच घेतलं, स्वतः वीस झोके मोजले. ४१. पुन्हा मोजले. ४१. मग त्यांनी पट्टी मागितली आणि दोरा मोजला. १०४ सेंटिमीटर भरला. वरची गाठ सैल होती, झोक्याझोक्याला सरकत होती. सर म्हणाले, "आकडा खरा होता, दोरी खोटी होती. तू खरा आकडा खोडून खोट्या दोरीची बाजू घेतलीस. आलं ते लिही. यायला पाहिजे ते पुस्तकात आहेच, त्याच्यासाठी प्रयोग कशाला?"

सर, मी ते पान फाडलं नाही. दोन्ही आकडे तिथेच ठेवले, तुम्ही सांगितलं होतं तसे. तुम्ही मार्कही कापले नाहीत.

आता जे सांगायचं राहून गेलं ते.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पात शार्पीचीच चाचणी होती. साधं पोलाद, वीसेक तुकडे, वेगवेगळी तापमानं. तुकडे कापून आणण्यात, बर्फात गार करण्यात दोन महिने गेले. आलेख छान येत होता. मधे एक तुकडा मात्र काचेसारखा तुटला. शेजारच्या तुकड्यांनी जेवढी ऊर्जा खाल्ली त्याच्या पाचवा हिस्सासुद्धा त्याने खाल्ली नाही. सादरीकरण चार दिवसांवर होतं. मी तो आकडा गाळला. मार्गदर्शकांना सांगितलं नाही. तुकडा सदोष असेल असं स्वतःला सांगितलं आणि बिंदूंमधून वळणदार रेघ काढली. परीक्षक म्हणाले, "फारच सुंदर आलेख." मला चांगले मार्क मिळाले.

बरीच वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. मग या कामात आले आणि भट्टीतल्या साक्षीदार तुकड्यांबद्दल वाचू लागले, तेव्हा समजलं की ज्या तापमानाच्या पट्ट्यात पोलाद चिवटाचं ठिसूळ होतं, तिथे आकडे पसरतातच. एक तुकडा वाकतो, शेजारचा तडकतो. तो पसाराच सांगत असतो की बदल इथे होतोय. मी दोषी ठरवून गाळलेला तो तुकडाच त्या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार असू शकला असता. मी तो ठेवलाही नाही. भंगारात गेला. त्याच्या तुटलेल्या तोंडावर काय लिहिलेलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

ते पोलाद कुठल्या भट्टीत जाणार नव्हतं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण मी तो गाळला तेव्हा मला हे माहीत होतं का? मी विचारसुद्धा केला नव्हता. मला फक्त रेघ वळणदार हवी होती.

आता माझ्या आजच्या कामाचं. धातूतली ही धडक संगणकात मांडायची पहिली मोठी खटपट १९६० मध्ये अमेरिकेत ब्रूकहेवन प्रयोगशाळेत झाली. तांब्याचे सुमारे पाचशे अणू, बस. त्यावेळच्या संगणकाची तेवढीच ताकद होती. आज कोट्यवधी अणू मांडता येतात. अडचण आता पुढची आहे: त्या कोट्यवधींतून कोण हललं, कोण अडकलं, हे शोधायचं कसं आणि माणसाला दिसेल असं दाखवायचं कसं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये याच कामाची जगभर स्पर्धा ठेवली होती आणि ती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या गटाने जिंकली. मी त्या गटात नव्हते, पण बातमी वाचून दिवसभर खुशीत होते.

माझं काम याच जातीचं, आकाराने लहान. एकदा आमचं चित्र फार स्वच्छ दिसू लागलं. सगळे खूश. मला ते खटकलं. त्या रात्री मी कोड उलगडत बसले आणि सापडलं: ठरावीक आकारापेक्षा लहान गोळे म्हणजे नुसता गोंधळ, ते दाखवू नयेत, अशी एक ओळ त्यात होती. ती ओळ मीच लिहिलेली होती. मला वाटलं, सर मागे येऊन उभे राहिलेत. सकाळी मी ती ओळ काढली. चित्र पुन्हा खरकटं झालं. गटातला एक तरुण मुलगा म्हणाला, "मॅडम, आधीचं जास्त छान होतं." मी त्याला दोलकाची गोष्ट सांगितली.

तर मित्रा, तू गटावर विचारलं होतंस, तारापूर फुटणार का. त्याचं माझं उत्तर असं. धातू बदलतोय, यात शंका नाही. जगातल्या प्रत्येक भट्टीत तो बदलतो, आणि बाहेरून तो तसाच दिसतो. तो किती बदललाय हे कळायचे मार्ग आहेत, ते आपल्याकडे आहेत, आणि ते करणारी हुशार माणसं तुर्भ्याला बसलेली आहेत. मला काळजी वाटते ती काचेसारखा तुटलेला तुकडा हातात येईल त्या दिवसाची. त्या दिवशी यांत्रिक हातांमागच्या माणसावर सादरीकरणाची घाई असू नये. त्याने आकडा लिहिला तर त्याचे मार्क कापणारं वर कुणी असू नये. आणि आपल्यासारख्यांनी अधूनमधून विचारत राहावं, काय आलं? भीतीपोटी नाही, आणि अंगठा दाखवूनही नाही.

संपवते. काल संध्याकाळी मी शाळेत लवकर आले होते. प्रयोगशाळेत टेबलं तीच आहेत, स्टॉपवॉच आता मोबाइलमध्ये आहे. नववीतली एक मुलगी उद्याच्या कार्यक्रमासाठी प्रयोगांची मांडणी करत होती. मी म्हटलं, दोलक करू या का? दोघींनी मिळून केला. दोरा दोनदा मोजला, गाठ घट्ट बांधली. तरी आमचं ९.६ आलं. दोघींनाही कारण सापडेना. तिने पेन उचललं आणि मला विचारलं, "मॅडम, ९.८ लिहू का?"

मी काय सांगितलं ते तुम्हाला कळलं असेल. पण तिने पुढे विचारलं, "मग मार्क कमी पडले तर?"

सर, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिच्या वर्गाच्या बाई इथे मागे उभ्या आहेत. जेवण झालं की तुम्ही त्यांना एकदा भेटाल का?